आधी माहुलला जाऊन ये

चेंबूर

चि. मीनल,



तुझं पत्र मिळालं. राज्य मानवी हक्क आयोगात काही महिने काम करायची संधी मिळतेय हे वाचून फार बरं वाटलं. पण पत्राच्या शेवटी तू विचारलंयस, ‘मावशी, आयोग फक्त शिफारस करतो. शिक्षा देत नाही, हुकूम सोडत नाही. मग तिथे बसून मी कुणाचं काय भलं करणार?’ तुझी शंका खरी आहे, आणि मला तिचं उत्तर माहुलवरूनच देता येईल.

माहुल माझ्या घरापासून फार लांब नाही. शाळेत शिकवत होते तेव्हा माहुल गावातली मुलं माझ्या वर्गात असायची. कोळ्यांची, आगऱ्यांची मुलं. गाव खाडीकाठचं आणि जुनं. थंडीत शिवडी-माहुलच्या चिखलात फ्लेमिंगो उतरतात ते बघायला सगळी मुंबई येते, त्याच किनाऱ्यावर हे लोक पिढ्यान् पिढ्या मासेमारी करत आले. तेलशुद्धीकरण कारखाने आले ते 1950 च्या दशकात, एक एस्सोचा, एक बर्मा-शेलचा. पुढे सरकारने ते ताब्यात घेतले आणि त्यांचे एचपीसीएल, बीपीसीएल झाले. मग खताचा कारखाना, वीजकेंद्र, रसायनांच्या टाक्या. गाव आधीचं आणि कारखाने नंतरचे, हा क्रम तू विसरू नकोस. माहुलचं नाव निघालं की ‘एवढे कारखाने असताना लोक तिथे राहायला गेलेच कशाला’ असं विचारणारी शिकलेली माणसं मला अजून भेटतात.

वास तर होताच. डोळे चुरचुरतात, घशात खवखवतं, छाती भरून येते, रात्री दम लागतो, हे गावातल्या बाया वर्षानुवर्षं सांगत होत्या. सांगणं हवेत विरून जायचं. 2013 मध्ये केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी माहुल आणि शेजारच्या आंबापाड्यात पाहणी केली आणि पहिल्यांदा त्या सांगण्याचे आकडे झाले. 67.1 टक्के लोकांना महिन्यात तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत होती. 84.5 टक्क्यांना छातीत घुसमटल्यासारखं होत होतं, 86.6 टक्क्यांचे डोळे चुरचुरत होते. गावकरी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेले तेव्हा ही पाहणी त्यांच्या बाजूने उभी राहिली, आणि 18 डिसेंबर 2015 ला पुण्याच्या पीठाने सांगितलं की इथल्या हवेमुळे माहुल आणि आंबापाड्यातल्या रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाला उपाय आखायला सांगितलं. 2020 मध्ये न्यायाधिकरणाने चार कंपन्यांवर मिळून सुमारे 286 कोटींची भरपाई लावली, तिचाही पाया हाच निकाल.

आता यापुढचं नीट वाच. माझ्या मते तुझ्या आयोगाचं काम इथेच सुरू होतं.

त्या निकालानंतर साधारण दीड वर्षाने, 2017 मध्ये, महापालिकेने तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या तोडल्या. जलवाहिन्यांच्या दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा मोकळी करा, असा उच्च न्यायालयाचा आदेश होता. पाण्याच्या सुरक्षेसाठी तो होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण विद्याविहार, घाटकोपर आणि आसपासची ही हजारो कुटुंबं नेली कुठे? माहुलला. तिथे प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेल्या 72 इमारती, 17 हजारांहून अधिक खोल्या, प्रत्येकी 225 चौरस फुटांच्या. काही कुटुंबं तिथे आधीच आली होती. कारखान्यांच्या कुंपणाला लागून असलेल्या या वसाहतीचं नाव एव्हरस्माईल. ज्या हवेबद्दल न्यायाधिकरणाने धोका लिहून ठेवला होता, त्या हवेत सरकारच्याच यंत्रणेने आणखी माणसं आणून सोडली.

मुलांच्या शाळा विद्याविहारला राहिल्या. धुण्याभांड्याची कामं घाटकोपरला राहिली, आणि जाण्यायेण्याच्या भाड्यात पगार संपू लागला म्हणून कितीतरी जणींनी ती सोडली. त्वचेचे, श्वासाचे आजार घरोघर. 8 ऑगस्ट 2018 ला बीपीसीएलच्या कारखान्यात स्फोट झाला, 40 हून अधिक माणसं जखमी झाली, आणि वसाहतीतल्या लोकांना कळलं की आपण नुसते वासाच्या शेजारी राहत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर यातली काही कुटुंबं विद्याविहारला परतली आणि जलवाहिनीजवळच्या फुटपाथवर ठाण मांडून बसली. पक्क्या घराची किल्ली हातात असताना माणूस फुटपाथवर का येऊन बसतो, हा प्रश्न त्या वेळी प्रत्येक अधिकाऱ्याने स्वतःला विचारायला हवा होता. सप्टेंबर 2019 मध्ये उच्च न्यायालयाने ऐकलं. कुणाला सक्तीने माहुलला पाठवू नका, आणि पर्यायी घर देत नाही तोवर प्रत्येक कुटुंबाला महिना 15,000 रुपये भाडं आणि 45,000 रुपये अनामत द्या, असा आदेश झाला.

म्हणजे माहुलची मोठी लढाई न्यायाधिकरणात आणि न्यायालयात झाली. तिला संघटना लागली, वकील लागले, फुटपाथवरचे महिने लागले. यातलं काहीच ज्याच्यापाशी नाही, त्याच्यासाठी 1993 चा मानवी हक्क संरक्षण कायदा आहे. आयोगाकडे तक्रार करायला फी नाही. वकील लागत नाही. साध्या कागदावर मराठीत लिहिलं तरी चालतं. कुणी तक्रार केली नाही तरी आयोग आपणहून दखल घेऊ शकतो. साक्षीदाराला बोलावणं, शपथेवर जबाब घेणं, सरकारी दप्तर मागवणं, हे दिवाणी न्यायालयाचे अधिकार चौकशीपुरते त्याला आहेत. आणि लोकसेवकाने हक्क पायदळी तुडवला तेव्हाच नव्हे, तर हक्कभंग रोखण्यात हलगर्जी केली तेव्हाही आयोगाला चौकशी करता येते. खासगी कारखान्याच्या मालकाला आयोग थेट जाब विचारू शकत नाही. पण महापालिकेला विचारू शकतो, प्रदूषण मंडळाला विचारू शकतो, गृहनिर्माण खात्याला विचारू शकतो: 2015 चा निकाल तुमच्या दप्तरात होता ना? मग 2017 मध्ये त्या पत्त्यावर कुटुंबं पाठवायच्या कागदावर सही कुणाची?

हा प्रश्न विचारून त्याचं उत्तर नोंदवणं म्हणजे काहीच नाही असं तुला वाटतं का? केईएमच्या पाहणीने तरी दुसरं काय केलं होतं? बायांचं बोलणं मोजलं, लिहिलं आणि त्यावर सही केली.

शिफारशीच्या दुबळेपणाबद्दलही थोडं सांगते. शिफारस आली की सरकारने साधारण महिनाभरात काय कारवाई केली ते आयोगाला कळवायचं असतं. आयोगाचा वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे ठेवावा लागतो, आणि एखादी शिफारस मानली नसेल तर तिचं कारणही. मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने तर 2021 मध्ये अशा शिफारशी सरकारवर बंधनकारक असल्याचं म्हटलं. म्हणजे वाट आहे. आयोगाची पदं वर्षानुवर्षं रिकामी ठेवून ती वाट बुजवायचं काम महाराष्ट्रात झालंय, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. हजारो तक्रारी पडून राहतात, तक्रारदार थकतो, कधी मरून जातो.

कायद्यातली एक गोष्ट मला मुळीच पटत नाही. घटनेनंतर एका वर्षाच्या आत तक्रार यायला हवी, नाहीतर आयोग तिची चौकशी करू शकत नाही. पोलीस कोठडीतल्या मारहाणीला तारीख असते. फुफ्फुसाला कुठली तारीख? हवेने आजारी पडलेल्या माणसाला कारण कळेपर्यंतच वर्षं जातात. म्हणून अशी तक्रार लिहून घेताना हक्कभंग आजही चालू आहे, ही हवा आजही नाकात जाते आहे, हे पहिल्या परिच्छेदात येऊ दे. प्रकरण आधीच न्यायालयात असेल तर आयोग सहसा हात घालत नाही, तेही आधी तपास.

आणखी एक. भाड्याचा आदेश झाला तो आणून बसवलेल्या कुटुंबांसाठी. माहुलचा कोळीवाडा आणि आंबापाडा जागच्या जागीच आहे. त्यांना 15,000 रुपये नकोत आणि दुसरीकडे घरही नको. त्यांची खाडी, त्यांचं गावठाण तिथेच आहे. त्यांना हवा बदलून हवी आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच स्वच्छ हवा-पाण्याचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2022 मध्ये स्वच्छ पर्यावरण हा मानवी हक्क मानला. एवढी मोठी माणसं इतक्या मोठ्या सभागृहांत जे बोलली, ते आंबापाड्याच्या गल्लीपर्यंत न्यायचं काम कुणाचं, याचा विचार तू कर. पुनर्वसनाच्या गोंधळात मूळ गाव मागे पडलं, हे मला सगळ्यात जास्त टोचतं.

इकडे त्या इमारतींतल्या हजारो खोल्या रिकाम्या पडल्या. 2025 मध्ये महापालिकेने त्यातल्या नऊ हजारांहून अधिक खोल्या आपल्याच तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांना 12 लाख 60 हजारांत विकायला काढल्या. मुंबईत एवढ्या स्वस्तात घर, आणि तरी कामगारांनी पाठ फिरवली. सफाई कामगाराला माहुल कळतं. खोली विकत घेणं ऐच्छिक आहे हे खरं, पण हवा तीच असताना तिथे पुन्हा माणसं भरायची योजना निघतेच कशी, हे महापालिकेला आयोगाने विचारलं पाहिजे.

तू रुजू होण्याआधी माझ्याकडे ये. मोनोरेल चालू असेल तर म्हैसूर कॉलनीला उतरू, नाहीतर बसने जाऊ. आधी गावात जायचं, मग वसाहतीत, आणि शक्यतो संध्याकाळनंतर, कारण वास जास्त येतो तो तेव्हा असं तिथल्या बाया सांगतात. सोबत कागद घे. कुणी बोललं तर त्यांच्याच शब्दांत लिही, तारीख घाल, कोणत्या कार्यालयात अर्ज दिला आणि त्याची पोच आहे का ते विचार. येताना 2015 चा निकाल वाचून ये. तो सगळा वाच, बातमीवर भागवू नकोस.

तुझी,
मावशी