खोडरेघ

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत पेढीवर कीर्द आणि खातेवही एक्सेलमध्ये लिहिण्यास प्रारंभ झाला, तेव्हा ते काम नातवाने अंगावर घेतले. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस हळदीच्या आवकेच्या जुन्या नोंदी काढून कोरे पत्रक सिद्ध करणारा मॅक्रोही त्याने लिहिला. अर्ध्या तासाचे काम एका बटणावर होई, याचे आप्पांना मोठे कौतुक होते.

अशाच एका पहिल्या तारखेस सौद्याच्या गर्दीत बटण दाबले गेले. त्या वेळी पडद्यावर आवकेचे नव्हे, येणे रकमांचे पत्रक उघडे होते. मॅक्रोत पत्रकाचे नाव लिहिलेलेच नव्हते. जे समोर असेल ते त्याने पुसले. क्षणार्धात साऱ्या उधारीचे रकाने कोरे झाले. नातवाने कंट्रोल आणि झेड दाबून पाहिले. काहीच परतले नाही. मॅक्रोने पत्रकात बदल केला की पूर्ववत करण्याची एक्सेलची सोय सामान्यतः उरत नाही. फाइल जतन न करता बंद केली असती, तर आधीचे आकडे मिळाले असते. पण जतन करण्याची आज्ञाही मॅक्रोच्या शेवटच्या ओळीतच होती.

दिवाणजींच्या कपाटातील पेन ड्राइव्हवर पाच दिवसांपूर्वीची प्रत निघाली. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपून तिघे पुन्हा पेढीवर बसले आणि बिलबुकांच्या स्थळप्रती व बँकेच्या पासबुकावरून पाच दिवसांच्या नोंदी जुळवू लागले. एकच गोष्ट अडली. एका किरकोळ दुकानदाराने रोख रक्कम दिल्याचे दिवाणजींना आठवत होते, पण आकडा आठवत नव्हता आणि पावती फाडलेली नव्हती. दिलेले पैसे पुन्हा मागितले, तर पेढीचे नाव काय राहणार? आप्पांनी स्वतः त्याला फोन लावला, झालेली चूक सांगितली आणि त्याने सांगितलेला आकडा विनातक्रार जमा करून घेतला.

नंतर ते नातवाला म्हणाले, “वहीत चुकलं तर आम्ही आकडा कधी खरवडला नाही. त्यावर एक रेघ, शेजारी बरोबर आकडा आणि सही. चूकसुद्धा वाचता आली पाहिजे, बाळा.”

नातवाने मॅक्रो नव्याने लिहिला. आता तो सर्वप्रथम तारीख व वेळ नावात घालून संपूर्ण फाइलची वेगळी प्रत ठेवतो. कोणत्या पत्रकावर काम करायचे, ते नावानिशी लिहिलेले आहे. जुन्या नोंदी पुसल्या जात नाहीत. त्या संग्रहाच्या पत्रकात जातात. पुढे जाण्यापूर्वी पत्रकाचे नाव दाखवून प्रश्न विचारला जातो आणि आधीच निवडलेले उत्तर ‘नाही’ असते, म्हणजे घाईत एंटर दाबले तरी काही बिघडत नाही. मॅक्रोत कोणताही बदल केला, तर तो आधी नकलेवर चालवून पाहिला जातो. दर शनिवारी दिवाणजी पेन ड्राइव्हवरील प्रत उघडून बेरजा ताडतात. न उघडलेल्या प्रतीचा भरवसा ते धरत नाहीत. रोख रकमेची पावती तर त्याच क्षणी फाडली जाते.

पुढच्या पहिल्या तारखेस पडद्यावर प्रश्नाची चौकट उमटली. नातवाने पत्रकाचे नाव मोठ्याने वाचले. दिवाणजींनी चष्मा सावरून ते पाहिले, मान डोलावली, आणि मगच ‘होय’वर बोट पडले.