हवं तेवढंच ऐकू येतं

राजूरकडच्या घरांत म्हाताऱ्या माणसाबद्दल एक तक्रार ठरलेली असते: ‘त्यांना हवं तेवढं बरोबर ऐकू येतं.’ पुरावाही असतो. समोरच्या सोंडेवरून कुणी गुराख्यानं ‘होऽऽ’ केलं की आमचे मामा पडवीतून लगेच ओ देतात. डांगी बैलाच्या गळ्यातली घंटा ऐकून बैल कुणाचा तेही सांगतात. आणि चुलीजवळून नात म्हणाली, ‘आजोबा, साखर संपली,’ की ढिम्म. वहिनी वैतागते ते काही उगीच नाही.

पण मामा सोंग करत नाहीत. वयानं येणारं बहिरेपण सगळ्या आवाजांवर सारखं येत नाही. कानातल्या शंखात जवळपास १५ हजार केसपेशी असतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, आणि आधी मरतात त्या उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या. बोलण्यातला जोर स्वरांचा, तो खालच्या पट्टीतला. शब्द वेगळा ओळखू येतो तो स, श, फ यांसारख्या बारीक घासट आवाजांमुळे, आणि नेमके तेच उंच नि अशक्त. डोंगरावरची हाळी म्हणजे नुसता लांबवलेला स्वर, ती पोचते. नातीच्या किनऱ्या आवाजातल्या साखरेतला ‘स’ वाटेतच गळतो. आवाज येतो, शब्द येत नाही.

पावसाळ्यात हे बळावतं. इकडचा पाऊस पत्र्यावर तासन्‌तास सळसळतो, आणि त्या सळसळीत उरलेसुरले ‘स’-‘श’ बुडून जातात. रात्री वीज गेली तर संभाषणच बंद पडतं, कारण मामा नकळत ओठ वाचत असतात. फोनवर ओठही नाहीत आणि साध्या फोनमध्ये वरची पट्टी मुळातच कापलेली. म्हणून नाशिकच्या मुलाशी त्यांचं दरवेळी काहीतरी बिनसतं.

हे सर्वांत उशिरा उमगतं ते ज्याचं त्यालाच. जे कानावर आलंच नाही, ते निसटलं हे कळणार कसं? मामांच्या मते हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. दोनदा ‘काय?’ म्हणायचं, तिसऱ्यांदा हसून मान डोलवायची. मग उत्तर भलतंच जातं आणि घरचे म्हणतात, म्हातारचळ लागला. उलट, न ऐकता एकटं पडत गेलेल्या माणसाला पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, असं डॉक्टर आता गांभीर्यानं सांगतात.

२०१६ च्या दिव्यांग कायद्यात ‘ऐकू कमी येणारा’ ठरायला दोन्ही कानांत ६० डेसिबलची घट लागते. मामा त्यात बसणार नाहीत. तरी तपासणी हवीच. कधी नुसता मळ साठलेला निघतो. (लसणाचं तेल ओतणाऱ्यांना मात्र हात जोडावेत.) मशीनचं म्हणाल, तर ते चष्म्यासारखं पहिल्या दिवसापासून कामाला येत नाही. भांडी, पत्रा, बाजार, सगळं एकदम अंगावर येतं. मेंदूला सवय व्हायला आठवडे जातात, आणि तेवढ्यात बरीच मशीनं कोनाड्यात जाऊन बसतात.

मामांचं मशीन अजून ठरतंय. वहिनीनं स्वयंपाकघरातून ओरडणं सोडलंय. ओरडून स्वरच मोठे होतात, ‘स’ तेवढाच राहतो. ती पडवीत येते, उजेडात समोर उभी राहून सावकाश बोलते. मामांची आता नवी तक्रार आहे: ही सारखी पुढ्यात येऊन का उभी राहते?