एक गल्ली, चार नकाशे

आमच्या गल्लीचा रस्ता गेल्या दिवाळीत डांबरी झाला. आमच्या गावात रस्ता गुळगुळीत झाला, की तो खणायला योग्य झाला असं समजतात. खड्ड्यांच्या रस्त्याला कोण कुदळ लावणार? त्यात कौशल्य ते काय? आठव्या दिवशी केबलवाले आले आणि दुपारी दोन वाजता गल्लीत कारंजं उडालं. पोरं खूश झाली. नळ मात्र कोरडे पडले.

पाणी थांबवायचं तर चावी बंद करायला हवी, आणि चावी नव्या डांबराखाली गेलेली. गल्लीतला एकमेव पेन्शनर म्हणून शोधमोहिमेवर माझी नेमणूक झाली.

पाणीखात्यात नकाशा होता. त्यावर लिहिलं होतं, 'गिरणीच्या कोपऱ्यापासून चार फूट.' गिरणी पडून वीस वर्षं झाली. तिथे आता पाच मजली इमारत आहे, आणि तिला कोपरेच बारा आहेत! रस्तेखात्याकडे उपग्रहावरून काढलेलं चित्र होतं. त्यात आमच्या गच्चीवरचे पापडसुद्धा दिसतील, पण जमिनीखालचं कसं दिसणार? भूमापन कार्यालयातल्या नकाशावर गल्ली बोळाएवढी होती. घरपट्टीच्या नकाशात तर माझ्या घराच्या जागी विहीर निघाली.

"साहेब, विहीर नाही, मी राहतो तिथे," मी म्हटलं.

"राहा की. पण नोंद विहिरीची आहे."

माझं घर एकच, पण त्याचा भूमापन क्रमांक वेगळा, घरपट्टीचा वेगळा, विजेचा वेगळा आणि नळाचा वेगळा. विष्णूच्या दहा अवतारांची एकमेकांशी ओळख तरी असेल. माझ्या घराच्या अवतारांची नाही.

आपल्याकडे मोजणी नवी आहे का? भारतीय सर्वेक्षण खातं १७६७ सालचं. शंभर मैलांवरून दुर्बिणी लावून त्याने एव्हरेस्टची उंची काढली आणि १८५६ साली ती २९,००२ फूट म्हणून जाहीर केली. आज उपग्रहाने मोजतात तीही तीसेक फुटांच्या फरकाने तीच. आकाशातलं शिखर सापडलं. तीन फुटांवरची चावी सापडेना!

शेवटी आमची ही म्हणाली, "अहो, मामांना का नाही विचारत?"

मामा म्हणजे पूर्वी पाणी सोडायला येणारे चावीवाले. निवृत्त होऊन बारा वर्षं झालेली. ते काठी टेकत आले, मारुतीच्या पायरीला पाठ लावून उभे राहिले, सतरा पावलं चालले, डावीकडे वळले आणि काठी आपटून म्हणाले, "हितं खणा."

खणलं. चावी तिथेच होती.

चहा घेताना मी विचारलं, "मामा, हे कुणाला सांगून ठेवलंय?"

"इचारलं कुणी?"

कुणीच विचारलं नव्हतं. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने खणण्याआधी विचारण्यासाठी 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप आणलं. खणणाऱ्याने जागा कळवायची आणि ज्यांच्या तारा-नळ खाली असतील त्यांनी सांगायचं. कल्पना उत्तम आहे. पण सांगणाऱ्याच्या कागदावर पडलेली गिरणीच असेल, तर ॲपने काय करावं? आधी सगळ्या खात्यांनी आपापले कागद एका टेबलावर पसरून जागेवर जाऊन ताडून पाहायला हवेत.

दुसऱ्या दिवसापासून मी वही घेऊन मामांबरोबर फिरलो. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून रोज दोनच गल्ल्या. सव्वीस चाव्या उतरवून घेतल्या आणि वही घेऊन पाणीखात्यात गेलो. कारकुनाने ती चाळली आणि परत केली.

"यावर कुठल्याच खात्याचा शिक्का नाही."

वही सध्या आमच्या देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात आहे. गल्लीत कुदळ दिसली, की मी ती घेऊन धावत सुटतो. परवा ही म्हणाली, "मामांच्या डोक्यातलं तुमच्या वहीत आलं, बरं झालं. पण तुमच्या वहीतलं पुढे कुठे जाणार?"

तेव्हापासून मी थोरल्या नातवाला रोज मारुतीला घेऊन जातो. सतरापर्यंत मोजायला शिकलाय.