दोन मिनिटांचा आरंभ



आरंभ करणे ही गोष्ट तुम्हांला नवी नाही. संसार आणि नोकरी सांभाळून, वयाच्या तिसाव्या-चाळिसाव्या वर्षी तुम्ही पुन्हा पुस्तक हाती घेतले आहे. मात्र आयुष्यातला आरंभ आणि कलाकृतीतला आरंभ यांत एक महत्त्वाचा फरक असतो. आयुष्यात आरंभ नेमका कोठे झाला, हे आपल्याला बहुधा मागाहून उमगते. कलाकृतीत तो आधीच निवडावा लागतो, आणि निवडताना पुष्कळ काही बाजूला ठेवावे लागते. ही निवड किती अवघड असते, हे काही विद्यार्थ्यांच्या एका छोट्या प्रकल्पाच्या निमित्ताने मला जवळून पाहता आले. त्याविषयी या लेखात तुमच्याशी बोलायचे आहे.

सिन्नरच्या एका अभ्यासकेंद्रात मी रविवारच्या संपर्क सत्रांसाठी संमंत्रक म्हणून जात असे. 'कथेचा आरंभ' या मुद्द्यावर बोलणे चालू असताना पाच विद्यार्थ्यांच्या मनात आले, की यावर नुसती चर्चा करण्यापेक्षा एखाद्या लघुपटाचा आरंभच करून पाहावा. संपूर्ण लघुपट नव्हे, केवळ आरंभ. आणि तोही श्रेयनामावलीसह दोन मिनिटांचा. ही कल्पना विक्षिप्त वाटेल, पण ती अगदी नवी नाही. केंब्रिजच्या परीक्षा मंडळाच्या माध्यम-अभ्यास या विषयात विद्यार्थ्यांना नेमका असाच प्रकल्प दिला जातो : नव्या कथापटाचा आरंभ, शीर्षकांसह, जास्तीत जास्त दोन मिनिटे. तेथे हे काम सोळा-सतरा वर्षांची मुले करतात. आमच्या गटात एस. टी.चे एक वाहक होते, माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत तिसऱ्या पाळीत काम करणारा एक तरुण होता, एक अंगणवाडी सेविका होती, औषधांच्या दुकानात काम करणारा एक मुलगा होता, आणि घरी शिवणकाम करणाऱ्या शेहेचाळीस वर्षांच्या एक बाई होत्या. त्यांना सारे 'काकू' म्हणत. साधनसामग्री म्हणाल तर एक मोबाइल, एक उसना तिपाई स्टँड आणि चार रविवार.

कथा काकूंची होती. सोळाव्या वर्षी दहावीच्या परीक्षेचे हॉल तिकीट हाती आले आणि त्याच महिन्यात लग्न ठरले. परीक्षा राहून गेली. तीस वर्षांनी पूर्वतयारी शिक्षणक्रम पूर्ण करून त्या बी. ए.ला आल्या होत्या. ते हॉल तिकीट त्यांनी अजून जपून ठेवले आहे, हे कळताच गटाने एकमुखाने ठरवले, की आपला विषय हाच.

पहिल्या रविवारी संहिता वाचली गेली. "ही कहाणी आहे एका जिद्दी स्त्रीची" अशा वाक्याने सुरू होणारे ते निवेदन होते. जन्म, माहेरची गरिबी, वडिलांची शिस्त, लग्न, मुले, आणि पुन्हा शिक्षण असा सारा प्रवास त्यात आला होता. घड्याळ लावून वाचले, तेव्हा साडेचार मिनिटे लागली. वेळेपेक्षाही मोठी अडचण दुसरीच होती. निवेदनातच सारे सांगून झाल्यामुळे कॅमेऱ्याला करण्यासारखे काही उरले नव्हते.

निवेदन काढून टाकावे असे तरुण मंडळींचे मत पडले. वाहक मात्र त्याला तयार नव्हते. त्यांचे म्हणणे विचार करण्याजोगे होते. तमाशात वग सुरू होण्याआधी गण होतो, गौळण होते. संगीत नाटकात नांदी असते, मग सूत्रधार येतो. कीर्तनात पूर्वरंग झाल्याशिवाय बुवा आख्यानाला हात घालत नाहीत. आपल्या माणसाला आधी सांगावे लागते, बसवावे लागते, मग कथा. मित्रहो, हे मत जुनाट म्हणून सोडून देण्यासारखे नाही. मराठी रसिकाची श्रवणपरंपरा अशा दीर्घ आरंभांवर पोसलेली आहे. पण जरा बारकाईने पाहिले, तर गण किंवा नांदी पुढची गोष्ट आधीच सांगून टाकत नाही. ती मंगलाचरण करते, गलबला शांत करते, आता काही घडणार आहे अशी अपेक्षा जागी करते. आमच्या निवेदनाने नेमके उलटे केले होते. अपेक्षा जागी होण्यापूर्वीच त्याने ती पुरी करून टाकली होती.

यानंतर आम्ही दोन मराठी चित्रपटांचे आरंभ लक्षपूर्वक पाहिले. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'च्या (२०१३) आरंभी जब्या हातात गलोल घेऊन माळरानातल्या काट्याकुट्यांतून काळ्या चिमणीचा माग काढत असतो. तो कोण, कोणत्या जातीचा, त्याच्या मनात कोण आहे, यातले काहीच तेथे सांगितलेले नाही. पण दगड आणि नेम या दोन गोष्टी प्रेक्षकाच्या मनात राहतात, आणि चित्रपटाच्या अखेरीस जब्याच्या हातून सुटलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो, तेव्हा आरंभाचा अर्थ पुरा होतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) शाहीर नारायण कांबळे आरंभी मुलांची शिकवणी घेताना दिसतात. ज्या माणसाला पुढे न्यायालयात आरोपी म्हणून उभे राहायचे आहे, त्याची पहिली ओळख शिक्षक म्हणून होते. दोन्ही ठिकाणी आरंभ माहिती देत नाही. तो माणसाला एखाद्या साध्या कामात गुंतलेला दाखवतो आणि त्या कामातूनच पुढच्या गोष्टीचे बीज टाकतो.

मग प्रश्न उरला, तो काकूंना कोणत्या कामात दाखवायचे हा. गटाची कल्पना तयार होती : स्वयंपाकघर, कुकरची शिटी, तांदळाचा डबा, आणि डब्याच्या तळाशी दडवलेले हॉल तिकीट. चित्र म्हणून ते आकर्षक होते. काकूंनी ते ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाल्या, "तांदळाच्या डब्यात मी ते कधीच ठेवलं नसतं. डब्यात घरातल्या प्रत्येकाचा हात जातो. लपवायची वस्तू बाई अशा जागी ठेवते, जिथं तिच्याशिवाय कोणाचा हात जात नाही." ते तिकीट गेली कित्येक वर्षे त्यांच्या शिलाई यंत्राच्या खणात होते, बॉबिन, बटणे आणि खडूच्या तुकड्यांखाली.

या एका वाक्याने लघुपटाचा आरंभ ठरला. कल्पनेने सुचलेल्या जागेपेक्षा खरी जागा अधिक बोलकी होती. शिलाई यंत्र आल्याबरोबर आवाजही आला. यंत्राची अखंड घरघर, धावणारी सुई, पायडलवरचे पाऊल, आणि सुईखाली शाळेचा गणवेश, दुसऱ्या कोणाच्या तरी मुलीचा. दोरा संपतो. यंत्र थांबते. बॉबिन घेण्यासाठी खण उघडतो आणि खाली पिवळट पडलेला, घडी घातलेला कागद दिसतो. यंत्राची घरघर पुन्हा सुरू होत नाही. त्या शांततेत शीर्षक येते. निवेदनाचा एक शब्दही नाही.

काकूंना हे लगेच पटले असे मात्र नव्हे. "सांगितलंच नाही, तर लोकांना कळणार कसं?" असे त्यांनी विचारले. हा प्रश्न केवळ तंत्राचा नव्हता. ज्या बाईची गोष्ट तीस वर्षे कोणी ऐकलीच नाही, तिने आता सांगण्याची वेळ आल्यावर गप्प राहावे, असे आपण तिला सुचवत होतो. त्यामुळे निवेदन ठेवायचे की काढायचे, हा निर्णय गटाने मतदानाने केला नाही. दोन्ही प्रकारे जुळणी करायची, आणि दोन्ही पाहून काकूंनी ठरवायचे, असे ठरले. दुसऱ्याचे जगणे आपल्या लेखनात वा चित्रणात घेताना ही रीत तुम्हीही लक्षात ठेवा. शैलीचे निर्णय आपले असतील. पण काय उघड करायचे आणि काय नाही, यावर ज्याची गोष्ट त्याचा अधिकार पहिला.

चित्रीकरणाने जे शिकवले, त्यातील काही गोष्टी वरवर किरकोळ वाटतील. पहिल्या रविवारी हातात हिरव्या बांगड्या होत्या, दुसऱ्या रविवारी नव्हत्या. दोन्ही दृश्ये शेजारी ठेवताच हात दोन बायकांचे वाटू लागले आणि अर्धे काम पुन्हा करावे लागले. शिलाई यंत्राचे चाक शिवणाऱ्याच्या उजव्या हाताला असते. कॅमेरा यंत्राच्या एका बाजूकडून एकाएकी दुसऱ्या बाजूला नेला, की पडद्यावर काकू तोंड फिरवून बसल्यासारख्या दिसत. पात्र आणि त्याच्यासमोरची वस्तू यांना जोडणारी एक काल्पनिक रेषा मानायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूस ठेवायचा, हा चित्रपटाच्या व्याकरणातला नियम त्यांना पुस्तकाआधी त्या चाकाने शिकवला. पंख्याचा आवाज ध्वनिमुद्रणात शिरू नये म्हणून पंखा बंद ठेवून, उकाड्यात काम करावे लागले. प्रत्येक दृश्य हालचालीच्या थोडे आधी सुरू करून थोडे नंतर थांबवावे, म्हणजे संकलनाला जागा मिळते, हेही हळूहळू अंगवळणी पडले. तेवीस दृश्यांची आखणी शेवटी अकरा दृश्यांवर आली.

एवढ्याशा कामाला एवढा खटाटोप कशासाठी, असे तिसऱ्या पाळीतून थेट आलेल्या त्या तरुणाने एकदा विचारले. तेव्हा मी त्याला याच नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांची आठवण करून दिली. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित करण्याआधी, १९१२ मध्ये, त्यांनी वाटाण्याच्या रोपाच्या वाढीवर एक अगदी छोटा चित्रपट केला होता. कुंडीत वाटाणा पेरायचा आणि त्याची वाढ दिवसामागून दिवस एकेका चौकटीने टिपत जायचे. अनेक दिवसांची ती वाढ पडद्यावर काही क्षणांत उलगडत असे. भांडवल देणाऱ्यांना या नव्या माध्यमाची खात्री पटवण्यासाठी हा प्रयोग उपयोगी पडला. भारतीय कथापटाच्या या जनकाने आधी एका वाटाण्याकडे धीराने पाहण्याचा अभ्यास केला, हे आपण विसरू नये.

दोन्ही जुळण्या पाहिल्यानंतर काकूंनी निवेदनाविना असलेली निवडली. पुढील संपर्क सत्रात ती सर्वांना दाखवली. खणातला कागद कोणाला पत्र वाटला, कोणाला जमिनीचा कागद. तो दोन क्षण अधिक दिसायला हवा, हे सर्वांनाच जाणवले, आणि ते दृश्य वाढवले गेले. पण "पुढे काय होतं?" हे बहुतेकांनी विचारले. मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने तर काही न विचारता काकूंजवळ जाऊन एवढेच म्हटले, "माझं बारावीचं आहे." काकूंच्या प्रश्नाचे उत्तर त्या तीन शब्दांत होते.

शेवटचे काम श्रेयनामावलीचे. 'कथा' या शब्दापुढे कोणते नाव घालायचे, असे विचारल्यावर काकूंनी एक आठवड्याची मुदत मागितली. पुढच्या रविवारी त्यांनी चिठ्ठीवर नाव लिहून आणले, ते हॉल तिकिटावर छापलेले माहेरचे संपूर्ण नाव होते. दोन मिनिटांत पडद्यावर दिसणारी अक्षरे मोजकीच होती. त्यांतली सर्वांत अधिक विचारपूर्वक लिहिलेली ही होती.

मित्रहो, तुम्हांपैकी फार थोडे जण लघुपट करतील. परंतु लेखन मात्र प्रत्येकाला करायचे आहे. स्वाध्याय तपासताना वारंवार आढळते, की पहिला परिच्छेद विषयाच्या अनन्यसाधारण महत्त्वाविषयी असतो, दुसरा त्याच्या प्राचीन परंपरेविषयी, आणि लेखकाला खरोखर जे म्हणायचे आहे ते तिसऱ्या पानावर कोठेतरी सापडते. त्या तिसऱ्या पानावरच तुमचे शिलाई यंत्र असते. ते उचलून पहिल्या ओळीत ठेवण्याचे धैर्य करा. आईविषयी लिहायचे असेल, तर तिच्या थोरपणाने आरंभ करू नका. ती दुपारी तीन वाजता काय करीत असे, तेथून करा. तेथे खरी वस्तू, खरी जागा आणि खरा आवाज असू द्या. वाचकाला कळेल की नाही अशी भीती वाटेल, तेव्हा स्पष्टीकरणाचे वाक्य वाढवण्याआधी तो परिच्छेद एखाद्या त्रयस्थाला वाचून दाखवा आणि तो काय विचारतो ते ऐका.

पुढील संपर्क सत्रास येताना असा एकच परिच्छेद लिहून आणा. घरातील एक व्यक्ती, तिच्या हातातील एक काम, आणि ते काम थांबण्याचा क्षण, एवढेच त्यात असावे. ती व्यक्ती कोण आणि काम का थांबले, हे लिहू नका. ते आम्ही तुम्हांला विचारू.