बुडबुडे थांबल्यावर

वेळ अमावास्येच्या आदल्या रात्री खजुरीतल्या बहुतेक घरांत चुलीजवळ एक मडकं असायचं, तोंडाला फडकं बांधलेलं. आमचं गाव आळंद-उमरगा रस्त्यावरचं. कागदोपत्री कलबुर्गी जिल्हा, कर्नाटक. पण थोडं पुढं गेलं की महाराष्ट्र लागतो. या सणाला ती हद्द ठाऊक नाही. लातूर, उमरगा, बसवकल्याण, आळंद, सगळीकडची माणसं त्या दिवशी गाव मोकळं करून शेतात जातात. कडब्याची खोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडवांचे दगड, भज्जी, उंडे, गव्हाची खीर. आणि मडक्यातून शेतावर न्यायची आंबील, जी आधी पिकाला शिंपडायची आणि मग प्यायची.

आमच्याकडे ज्वारीचं पीठ ताकात आंबवून मग शिजवत. शेजारी आधी शिजवत आणि गार झाल्यावर ताक घालून आंबवत. यावरून दोन घरांतल्या म्हाताऱ्यांचा वाद वर्षानुवर्षं चालला. मला दोन्ही आवडायच्या, पण हे घरी बोलायची सोय नव्हती. पीठ आंबलं की नाही हे आजी आधी वासावर ठरवायची, मग करंगळी बुडवून जिभेला लावायची. थंडी जास्त पडली तर मडकं चुलीकडे सरकवायची. किती तास, असं विचारलं की म्हणायची, "तास कशाला बघतूस, त्येला इचार."

पुढं रसायनशास्त्र शिकलो तेव्हा कळलं की तिच्या उत्तरात टाळाटाळ नव्हती. ताकातले जिवाणू पिठातल्या साखरेचं आम्ल करत राहतात आणि आंबटपणा वाढतच जातो. त्यांच्याच आम्लानं ते हैराण होऊन थांबतात, पण तोवर आंबील तोंडात धरवणार नाही इतकी आंबट झालेली असते. तिथं शेवट जिवाणू ठरवत नाहीत, खाणारा ठरवतो. आजी आंबण्याच्या मधेच बोट बुडवून 'आता बास' म्हणायची आणि चुलीवर चढवायची.

ओढ्याकाठच्या शिंदीच्या झाडांचं गणित आणखी निराळं. पहाटे उतरवलेला रस गोड. मडकं आतून चुन्यानं सारवलेलं असेल तर तो गोड राहतो; नसेल तर मडक्यालाच चिकटून बसलेलं यीस्ट कामाला लागतं. ऊन चढलं की फेस येतो, दुपारी झिंग येते, संध्याकाळी शिर्का व्हायला सुरुवात. एकाच झाडाचं पेय, पण सकाळचं गिऱ्हाईक वेगळं, दुपारचं वेगळं. आमच्या माळकरी घरात शिंदीचं नाव काढायचं नाही अशी शिस्त होती, त्यामुळे ही माहिती मला कशी, हे कुणी विचारू नये. निजामाच्या राज्यात याच शिंदीवर अबकारीची मोठी कमाई होती. १९४८ पर्यंत आम्ही त्याच राज्यात होतो.

नोकरी लागली ती सोलापूरकडच्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, शिफ्ट केमिस्ट म्हणून. इथं मडक्याच्या जागी घराएवढ्या टाक्या, पिठाच्या जागी मळी, आणि करंगळीच्या जागी हायड्रोमीटर. काचेची ती नळी द्रावात तरंगते. साखर जास्त तर द्राव जड, नळी वर. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करतं, द्राव हलका होतो आणि नळी खाली बसत जाते. पाण्याचा आकडा १.०००. पातळ केलेली मळी साधारण १.०९० ला सुरू व्हायची. नवशिक्याला वाटतं, साखर संपली की आकडा एकावर यायला हवा. मळीत तसं होत नाही. तिच्यात क्षार असतात, यीस्टला न पचणारे पदार्थ असतात. ते जागचे हलत नाहीत. टाकी १.०४० च्या आसपास येऊन थांबायची आणि ती तिथंच थांबणं बरोबर असायचं. शेवटाचा आकडा आधीपासून कुठं लिहून ठेवलेला नसतो, ज्या त्या मालाचा आपापला असतो, हे मी त्या टाक्यांच्या शिडीवर शिकलो.

पण तिथं खरा मालक घड्याळ होतं. आकडा उतरायचा थांबला की माल पुढच्या भट्टीवर लगेच पाठवायचा. उशीर केला तर जिवाणू घुसतात, आम्ल वाढतं, उतारा घटतो. लवकर सोडला तर साखर वाया. म्हणून दर दोन तासांनी नमुना, नोंदवहीत आकडा, आणि आधीचा व आत्ताचा आकडा सारखा आला की मगच व्हॉल्व्ह. एक आकडा नुसता आकडा असतो. सारखे दोन आले तर ती बातमी.

निवृत्तीनंतर मुलीकडे लीड्सला जाणं सुरू झालं आणि जावयाच्या गॅरेजमध्ये ही सगळी विद्या पुन्हा कामाला आली. तो घरी बीअर करतो. आपल्याकडे महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आणि कर्नाटकात १९६५ चा अबकारी कायदा. परवान्याशिवाय असलं काही करायला गेलात तर बीअरपेक्षा वकील महाग पडेल. इंग्लंडमध्येही १८८० पासून घरच्या बीअरला परवाना लागायचा. तो १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी काढून टाकला आणि लोक बादल्या घेऊन कामाला लागले.

जावयाची बादलीच आहे, झाकणाला पाणी भरलेली एक छोटी वाकडी नळी. आतला वायू तिच्यातून बुडबुड करत बाहेर पडतो. आठवडा झाल्यावर म्हणाला, "बाबा, बुडबुडे थांबले. बाटल्या भरू या?"

मी म्हटलं, "बुडबुड्यांना काय विचारता? गॅरेज किती गार पडलंय बघा."

त्या बुडबुड्यांइतका खोटा साक्षीदार नाही. झाकण जरा ढिलं असलं की वायू तिकडून पळतो आणि आत जोरात चाललेलं असूनही नळी गप्प. उलट सगळं संपलेलं असताना दुपारी ऊन आलं तर द्रावात विरघळलेला वायू सुटतो आणि नळी पुन्हा बोलू लागते. गारठा पडला तर यीस्ट झोपी जातं. तेही शांतच दिसतं. मरण, झोप आणि काम संपणं, तिन्ही वरून सारखीच.

हायड्रोमीटर काढला. सुरुवात १.०५० होती. नमुना आधी भांड्यातून भांड्यात ओतून त्यातला वायू घालवला, कारण बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून त्याला उचलतात आणि आकडा चढा दाखवतात. १.०१६ आला. बादली घरात आणून उबेला ठेवली. दोन दिवसांनी १.०१३, मग १.०१२, पुढे १.०१२, त्यापुढेही १.०१२. म्हणजे अल्कोहोल साधारण पाच टक्के. जावयाला वाटत होतं की चार हजारांशांसाठी एवढा खटाटोप कशाला. पण १.०१६ ला बाटलीत कोंडली असती तर उरलेली साखर आत आंबून बीअरच्या आकारमानाच्या दुपटीएवढा वायू झाला असता, आणि बाटलीत मुद्दाम घालायच्या साखरेचा वायू वर वेगळा. साधी बाटली एवढा दाब धरेलच याची हमी नाही. गॅरेजमध्ये फुटलेली बाटली म्हणजे उडती काच.

१७८४ मध्ये इथून जवळच्या हल गावातल्या जॉन रिचर्डसन नावाच्या मद्यव्यावसायिकानं हे मोजमाप बीअरच्या धंद्यात आणणारं पुस्तक लिहिलं. आंबवण्याचं काम सजीव यीस्ट करतं हे पाश्चर यांनी ठासून सांगितलं ते त्यानंतर. त्यांचं बीअरवरचं पुस्तक १८७६ चं. म्हणजे आत कोण काम करतंय याचा पत्ता लागण्याआधीच त्याचं काम कुठवर आलं हे माणसं मोजत होती. मला ही गोष्ट फार आवडते.

तीन दिवस आकडा हलला नाही म्हणून जावई बाटल्या धुवायला निघाला. मी नमुना नाकाशी नेला. लोण्याचा वास. आंबताना यीस्ट एक पदार्थ बाहेर टाकतं, त्याचा डायअसेटिल होतो. साखर संपल्यावर तेच यीस्ट तो पुन्हा आत घेऊन पचवतं. त्याला दोन-तीन दिवसांची ऊब लागते आणि हे आवरासावर करण्याचं काम हायड्रोमीटरला दिसत नाही. शंका असेल तर नमुन्याचे दोन पेले झाकून ठेवायचे, एक गरम पाण्यात साठ अंशांवर वीसेक मिनिटं, मग निववून दोन्हींचा वास घ्यायचा. गरम केलेल्यात लोणी जास्त आलं तर काम बाकी आहे. गंमत अशी की ताकाला जो सुवास असतो तो याच डायअसेटिलचा. आजीच्या मडक्यात तो हवासा होता, इथं तो दोष. मुलीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग तुमची आजी इथं नापास झाली असती." मी म्हटलं, आजीनंच पहिल्यांदा ओळखलं असतं, हवं-नको ती नंतर ठरवती.

जावयाचा यावर विश्वास बसायला आणखी थोडे दिवस गेले. वास गेला, आकडा तोच राहिला, आणि शेवटी एका रविवारी आम्ही बाटल्या भरायला बसलो. आणि इथं या सगळ्या उपद्व्यापातला मला सर्वांत मजेशीर वाटणारा भाग येतो. इतके दिवस खात्री कशाची करत होतो, तर आंबणं संपल्याची. ती झाल्याबरोबर लिटरला सहा ग्रॅम साखर घालून ते पुन्हा सुरू करायचं. अशा घरच्या बीअरमध्ये जो फेस असतो तो या दुसऱ्या आंबण्यातून येतो, बंद झाकणाखाली. आधीचा शेवट नीट ठाऊक असेल तरच ही दुसरी सुरुवात मोजून करता येते.

सगळ्या बाटल्या काचेच्या, एक मात्र कोल्ड्रिंकची प्लॅस्टिकची. ती दाबून पाहायची. टणक झाली की काचेच्यांतही वायू भरला असं समजायचं. ही युक्ती जावयानं कुठूनशी शिकून आणलेली, आणि माझ्या सगळ्या नोकरीत मी पाहिलेल्या यंत्रांपेक्षा स्वस्त. बाटल्या जिन्याखाली ठेवल्या आहेत. दोन आठवडे हात लावायचा नाही असं त्यानं खडूनं लिहून ठेवलंय, आणि येता-जाता तोच ती बाटली दाबून पाहतो. तो ऑफिसला गेला की मी पाहतो.