आम्रपालीची वस्त्रे

नागपूर, वैशाखातली दुपार.

वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडून अंधारलेल्या खोलीत आज १९६६ सालचा ‘आम्रपाली’ पुन्हा पाहिला, आणि वैजयंतीमालेच्या नृत्यापेक्षाही तिच्या अंगावरील वस्त्रांनी माझ्या चित्ताचा कबजा घेतला. ती वस्त्रे योजणाऱ्या भानु अथैया मूळच्या कोल्हापूरच्या राजोपाध्ये, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकलेचे शिक्षण झालेल्या या बाईंनी अजिंठ्याच्या लेण्यांत जाऊन भित्तिचित्रांतील वेशभूषेचा अभ्यास केला, आणि दीड सहस्र वर्षांपूर्वीच्या त्या रेषा शिंप्याच्या कात्रीला समजतील अशा आकारांत उतरवल्या. ‘वक्त’मधील साधनाचा अंगाबरोबर बसणारा चुडीदार १९६५चा, ‘ब्रह्मचारी’तील मुमताजची बेतून शिवलेली नारिंगी साडी १९६८ची, दोन्ही त्यांच्याच, परंतु मला आम्रपालीच अधिक जवळची वाटते, कारण तिच्यात नवता परंपरेचा अव्हेर करून आलेली नाही, परंपरेच्या दप्तरातूनच निघाली आहे.

गेल्या आठवड्यात इतवारीतून रेशीमकाठी नागपुरी सुती साडी आणली. भाचीला लग्नात नेसायची आहे, पण तिला ती ‘जुनी’ वाटते. कोष्ट्यांच्या मागावर विणलेल्या त्या काठाकडे पाहता पाहता मनात एक तजवीज आकारास आली, की साडीला हातही न लावता केवळ चोळीची बेतणी अजिंठ्याच्या धर्तीवर करावी, पाठीवर गाठ, दंडावर अरुंद काठ. वहीच्या मागल्या पानावर आकृती काढली आहे. उन्हे कलली, की धरमपेठेतल्या शिंप्याकडे जाईन.