'नाही'च्या आधी कात्री नको
मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. म्हणून मोहल्ल्यातल्या एका चाचांची मुलाखत मराठी सबटायटलसाठी माझ्याकडे आली. बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा, पाणचक्की, तिथले जुने दिवस असे बोलणे.

लांब ओळीचे दोन तुकडे करावे लागतात. तुकडा केल्यावर बऱ्याचदा दोन्हीकडे पूर्ण वाक्य उरते. अर्धे इथून, अर्धे तिथून खोडायचे. अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर फॉन्ट बदलायचा, भलतीच चिन्हे आली तर फाईल यूटीएफ-8 मध्ये सेव्ह करायची. इथवर सोपे आहे.

चाचा म्हणाले, "हमने कभी फ़र्क़ नहीं किया." उर्दूत 'नहीं' क्रियापदाच्या आधी येते, मराठीत 'नाही' शेवटी. 'आम्ही कधी भेदभाव केला' इथे ओळ तोडली, तर पुढची ओळ येईपर्यंत पडद्यावर कबुलीजबाबच उभा! आणि कुणी तेवढाच स्क्रीनशॉट काढून फिरवला तर?

मी तोडले ते असे: 'आम्ही कधीच' आणि 'भेदभाव केला नाही'. दुसरी ओळ एकटी सापडली तरी चाचांचे म्हणणे शाबूत राहते.

ऐकणारा माणूस 'नाही' येईपर्यंत थांबतो. स्क्रीनशॉट थांबत नाही.